पानसुपारीची खूण

ता. २ जानेवारी १९०८, धार

नव्या वर्षाची नवी वही. गेल्या वर्षीची निम्मी कोरी राहिली आणि मुलांनी तिच्या होड्या केल्या. यंदा रोज लिहीन असं म्हणत नाही. लिहिण्यासारखं घडेल तेव्हा लिहीन.

आज घडलं आहे. सुरतेची बातमी आली. काँग्रेस भरली, अध्यक्ष कोण यावरून दोन तट पडले आणि भर मंडपात जोडे आणि खुर्च्या उडाल्या. कचेरीत आज कोणी कागदाला हात लावला नाही. जो तो आपण तिथे असल्यासारखा सांगत होता. मी दोनदा म्हटलं की बाबांनो, कामं करा, आणि मग मीही बसलो ऐकत.

आमची माळवा प्रजासभा त्या मानाने अगदीच लहान. धार, देवास, महू इथले वकील, मास्तर आणि चार जहागीरदार एवढीच मंडळी. पण अध्यक्ष आम्हालाही लागतो. आधीचे दसऱ्याला वारले. म्हणून या महिन्याअखेर देवासला अधिवेशन आहे आणि तिथे अध्यक्षपदासाठी नाव ठरायचं आहे. नावं दोन ऐकू येतात. एक आमचे तात्यासाहेब, ज्यांच्या जहागिरीच्या कचेरीत मी कारकुनी करतो. दुसरे कृष्णराव, देवासचे वकील, माझ्या बायकोचे सख्खे थोरले भाऊ.

माझं मत कृष्णरावांना. मेहुणे म्हणून नव्हे, माणूस लायक आहे म्हणून. मात्र कचेरीत हे बोलून दाखवायची गरज नाही.

ता. ९ जानेवारी

कृष्णराव काल आले, आज गेले. बोलून बोलून घसा बसला आहे, तरी बोलणं थांबत नाही. विषय एकच, वेठ. "पेरणीच्या तोंडावर माणूस औतावरून उठवतात आणि साहेबाच्या पेट्या वाहायला नेतात. घरी बायको-पोरं कोरडी वावरं बघत बसतात. मी अध्यक्ष झालो तर पहिला अर्ज हाच, सगळ्या दरबारांना एकदम. तात्यासाहेब झाले तर आपण जन्मभर मानपत्रं वाचत बसू."

ही म्हणाली, "दादा, आधी जेव. वेठ जेवणानंतरही बंद करता येईल." तेव्हा कुठे हसले.

जाताना म्हणाले, "नीलकंठराव, तुमच्यावर एक काम टाकलंय. दारात तुम्ही उभं राहायचं."

देवासचा प्रकार बाहेरच्याला सांगितला तर खोटा वाटेल. गाव एक, राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू एकाची, ती बाजू दुसऱ्याची. दोन्ही पात्यांची माणसं जिथे एकत्र बसतात तिथे पानसुपारीची तबकंही दोन. ती एकाच क्षणी उचलली गेली पाहिजेत. एक पाऊलभर पुढेमागे झालं तर ज्यांच्याकडे उशिरा गेलं ते रुसतात, आणि ते रुसवे नातवांपर्यंत चालतात. म्हणून मधल्या दारात कोणीतरी तिसऱ्या गावचा माणूस उभा करतात. त्याने मान हलवली की तबकं उठतात. अशा कामाला धारकर बरा.

आणि विडा हातात आला की सभा संपली. मग कोणी विषय काढत नाही, तोंड उघडत नाही. आम्हा दक्षिणी लोकांचं सगळं सुटेल, हे सुटणार नाही. तेव्हा दारातल्या माणसाने सगळं कामकाज आटोपल्याशिवाय मान हलवायची नसते, एवढीच त्याची अक्कल.

"भरवशाचा माणूस हवा म्हणाले," कृष्णराव म्हणाले. "मी तुमचं नाव सांगितलं. दोन्ही पात्यांनी एका दमात हो म्हटलं."

मला बरं वाटलं. का वाटू नये?

ता. १४ जानेवारी, संक्रांत

तात्यासाहेबांकडे तिळगूळ घ्यायला गेलो. त्यांना पडसं झालं होतं, शाल पांघरून झोपाळ्यावर बसले होते. बाकीची मंडळी उठली तेव्हा मला म्हणाले, "बस रे जरा."

सुरतेचं बोलणं निघालं. "असं देवासला झालं तर दोन्ही दरबार आपली सभा बंद करतील. खरं की नाही?"

"खरं आहे," मी म्हटलं.

"दारात तू आहेस म्हणे."

"हो."

"मग मला काळजी नाही. माझं नाव मांडलं जाईल, मी चार शब्द बोलेन. त्यानंतर पोरं गलका करणार. गलका वाढायच्या आत विडे फिरले तर कुणाचं काय वाईट होतं?"

मी तिळगूळ चघळत होतो. ते झोपाळ्याला पायाने रेटा देत म्हणाले, "धामनोदकडच्या गावांना कारभारी नेमायचा आहे. आधीचा म्हातारा झाला. वेळ ओळखणारा माणूस हवा." मग शिंकले आणि मला जायला सांगितलं.

मी हो म्हटलेलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. नाही म्हणायचा प्रश्नच आला नाही, कारण त्यांनी काही मागितलंच नाही.

ता. १७ जानेवारी

कारभारीपणाचं हिला सांगितलं. बाकीचं सांगण्यासारखं काही नव्हतं. ही इतकी खूश झाली की दूध उतू गेलं. म्हणाली, "एकाच महिन्यात दादा अध्यक्ष आणि तुम्ही कारभारी. देवाला काय सांगू मी आता?" धामनोदला परसात विहीर असेल का, नर्मदा किती लांब, हेच दिवसभर. तिचं नावही नर्मदा, म्हणून तिला ते सगळं जमून आलंसं वाटतं.

 

ता. २५ जानेवारी, देवास

बैलांच्या दमणीत हाडं खिळखिळी झाली, पण पोचलो. कृष्णरावांकडे उतरलो आहे. ते माडीवर भाषण घोकत आहेत. मास्तर गोपाळराव त्यांचं नाव मांडणार. हात वर करून कौल घेणार. कृष्णरावांचा हिशेब असा की दोन्ही पात्यांतले बरेचसे आणि महूची मंडळी त्यांच्याकडे आहेत. मलाही तसंच वाटतं.

दुपारी सभेची जागा बघून आलो. थोरल्या पातीचं तबक गणोजीकडे, धाकटीचं खंडोजीकडे. हा गणोजी म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, पाठ ताठ. अत्तर-पानाचा मान त्याच्या घरात आज्यापासून चालत आला आहे. कुठलंही लग्न, दरबार, सभा असो, तबक त्याच्याच हातात. मला म्हणाला, "रावसाहेब, मी आपल्या मानेकडे बघणार आणि खंडोजी माझ्या पावलाकडे. जरा करून दाखवा, किती हलवणार ते."

मी दाखवलं.

"एवढी कशाला? याच्या निम्मी पुरे. टेकडीवर देवीच्या निशाणाचा काठ फाटलाय, तो मला इथून दिसतो." खंडोजी हसला आणि म्हणाला, "मामा, पुरे करो भिया, रावसाहेबांना कंटाळा आला." गणोजीने मात्र आणखी एकदा खूण करायला लावली. त्याला सगळं नीट लागतं.

ता. २६ जानेवारी, देवास

झालं. तात्यासाहेब अध्यक्ष. डोकं ठणकतं आहे, उद्या लिहीन.

ता. २७ जानेवारी, वाटेत इंदूर

सगळं आहे तसं लिहितो. इथे लिहायला कसली भीती.

तात्यासाहेबांचं नाव मांडलं गेलं, अनुमोदन मिळालं. ते चार शब्द बोलले आणि बसले. मग दुसरं नाव यायचं होतं. गोपाळराव उपरणं सावरत उठायला लागले होते. वाद होण्याची चिन्हं होती. मागच्या बाजूला महूची पोरं कुजबुजत होती, एक जण मोठ्याने खोकलाही. सुरतेला असंच सुरू झालं असणार.

मी मान हलवली.

गणोजी हलला नाही. त्याची भुवई जराशी वर गेली आणि तो माझ्याकडे बघत राहिला, जणू विचारत होता की आत्ता? मी पुन्हा हलवली. तेव्हा त्याने पाऊल उचललं, खंडोजीने उचललं, आणि दोन्ही तबकं अगदी बरोबर उठली. त्या बाबतीत कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती.

गोपाळराव उभेच होते. त्यांच्यापुढे विडा आला. त्यांनी कृष्णरावांकडे बघितलं. कृष्णरावांनी आपल्या पुढच्या तबकाकडे बघितलं, मग विडा उचलला, अत्तराला हात पुढे केला, उठले आणि तात्यासाहेबांना नमस्कार केला. विडा कोण नाकारणार? इतकी बेअदबी माळव्यात अजून कोणी केलेली नाही. हात वर करायचे राहूनच गेले; नाव एकच मांडलेलं, तेच ठरलं.

ओसरीवर मात्र गर्दी झाली. गोपाळरावांनी गणोजीला धरलं. "कोणी उठवलं तुला?"

"रावसाहेबांनी मान हलवली," गणोजी म्हणाला.

सगळे माझ्याकडे वळले.  मी म्हटलं, "नाही."

"हलवलीत, रावसाहेब. दोनदा."

"नाही, गणोजी. मी हललोसुद्धा नाही."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. रागाने नव्हे. मी ओळखीचा आहे की नाही हे ठरवत असल्यासारखा. मग हात जोडून सगळ्यांना म्हणाला, "मग माझी नजर चुकली. म्हातारा झालो."

गोपाळराव पुढे बोलणार होते, पण कृष्णरावच मध्ये पडले. "सोडा त्याला. झालं ते झालं." मग मला म्हणाले, "चला, नीलकंठराव, जेवायला उशीर होतोय." संशयाचं काही चिन्ह नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर. जेवताना त्यांनी माझ्या पानात आपल्या हाताने तूप वाढलं. बोलले मात्र काही नाही. घसा बसला होता.

ता. ३० जानेवारी, धार

शांतपणे विचार केला. कोणाचं रक्त सांडलं नाही, जोडे उडाले नाहीत, दरबारांची मर्जी राहिली. कृष्णराव अजून चाळिशीतही नाहीत, पुढल्या खेपेस होतील. आणि गणोजीचं म्हणाल तर त्याला कोणी दंड केलेला नाही. चार लोक बोलले असतील. चार दिवसांत विसरतील.

सभेचा पहिला ठराव तात्यासाहेबांनी आज वाचून दाखवला. पोलिटिकल एजंट साहेबाला मानपत्र द्यायचं आहे. भाषा छान आहे.

झोप लागत नाही. हिला सांगितलं की थंडी फार आहे. हिने दुसरी गोधडी काढून दिली.

ता. ४ फेब्रुवारी

खंडोजी काही कामाने धारला आला होता, कचेरीत भेटून गेला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गणोजी काय म्हणतो?"

"मामांनी तबक परत केलं, रावसाहेब. स्वतः घासून-पुसून, अत्तरदाणी, गुलाबदाणी सगळं नेऊन दिलं. कोणी मागितलं नव्हतं. सगळ्यांनी समजावलं की एकदा चूक होते. ऐकत नाहीत. म्हणतात, मान हलली की नाही हेच ज्याला दिसत नाही त्याने तबक धरू नये."

"मग त्याच्या मुलाला द्यायचं."

"मुलगा नाही त्यांना."

मी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर कागद पुढे ओढला, पण एकही ओळ धड लिहिता आली नाही. शरम वाटते. हे इथे लिहिलं म्हणून कमी होईल असं वाटलं होतं, तसं होत नाही.

ता. ९ फेब्रुवारी, रथसप्तमी

नेमणूक झाली. धामनोदकडचा कारभारी, मार्चपासून. तात्यासाहेबांनी स्वतःच्या हाताने शेला दिला. पहिलं काम आत्ताच सांगून ठेवलं आहे. साहेब मांडवगडला शिकारीला येणार, सामान घाटातून वर चढवायला गावागावांतून वेठीची माणसं जमवायची. आधीचा कारभारी यात ढिला होता म्हणे. हे कृष्णरावांच्या कानावर इतक्यात न गेलेलं बरं.

शेला हिला दाखवला. हिने हातात घेतला, घडी केली आणि ठेवून दिला. विहिरीचं काही विचारलं नाही. अंगणात गोवरीवर सूर्यासाठी दूध ठेवलं होतं, तिथे जाऊन बसली. तिथून म्हणाली, "दादाचं नाव नुसतं घ्यायला कितीसा वेळ लागला असता हो?"

मी म्हटलं, "सभेतलं तुला कळत नाही."

ती म्हणाली, "नसेल."

ता. १६ फेब्रुवारी, देवास

आज गणोजीला खरं सांगितलं. ठरवून गेलो होतो. घरी महूला काम आहे असं सांगून निघालो.

टेकडीच्या पायथ्याशी त्याचं घर. त्याची बायको सगुणाबाई हिने दार उघडलं, पाट दिला, पाणी दिलं. तो आत भिंतीशी बसला होता. मिशी वाढली होती, पाठीत वाकलेला. इतक्यात एवढा वाकतो माणूस? मी आडवळण घेतलं नाही. म्हटलं, "गणोजी, मी मान हलवली होती. दोनदा. तुझी नजर चुकली नाही. मी खोटं बोललो."

 त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो हसायला लागला. मला वाटलं, आता शिव्या देईल. शिव्या चालल्या असत्या.

"ऐकलंस का गं," तो बायकोला म्हणाला. "एवढ्यासाठी आले धारहून. म्हाताऱ्याची लाज राखायला स्वतःवर घेतायत."

"नाही रे बाबा. खरं सांगतोय."

"रावसाहेब, आपण मोठी माणसं आहात. पण मी काय आजचा आहे? चारचौघांदेखत आपण नाही म्हणालात. चारचौघांदेखत खोटं बोलणारं घर नव्हे आपलं. उगीच पाप घेऊ नका अंगावर."

मी शपथ घेतली. त्याने माझे हात धरून ती अर्ध्यात थांबवली. शेवटी माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं, तर तो म्हणाला, "कोण करतं हो एवढं गरिबासाठी?"

सगुणाबाई हसली नाही. ती चुलीपाशी उभी राहून माझ्याकडे सारखी बघत होती. मी निघालो तेव्हा तिने "या पुन्हा" असं म्हटलं नाही, आणि दाराची कडी माझ्या पाठीमागे लगेच लागली.

कृष्णरावांचं घर तिथून हाकेवर. गेलो नाही.

ता. २० फेब्रुवारी, धार

आता हे नवीनच. गणोजीने गावभर करून टाकलं. दोन्ही पात्यांत बोलणं एकच, की धारच्या नीलकंठरावांसारखा माणूस नाही, म्हाताऱ्याची चूक आपल्या माथी घ्यायला धावत आला. गोपाळरावांनी मुद्दाम निरोप पाठवला की माझ्याविषयी मनात किल्मिष आलं होतं, त्याबद्दल माफी असावी. माझी माफी. आज कचेरीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मोरोपंतांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. मी खाली बघितलं, तर म्हणाले, विनय बघा.

तात्यासाहेबांना मात्र हसू आवरेना. "मी सांगितलं त्याहून बरं केलंस रे. आता तू चौकात ओरडून सांगितलंस तरी कोणी मानायचं नाही." त्यांना मी हे मुद्दाम केलं असं वाटतं. मी तसं नाही म्हटलं, तर डोळा घातला त्यांनी. डोक्यात राख घालून उठलो, पण उठून गेलो कुठे, तर माझ्याच बैठकीवर.

संध्याकाळी ही देवळातून आली. तिथे बायकांनी तिला घेरलं होतं, तुझा नवरा असा आणि तसा. आली ती चपलाही न काढता उंबऱ्याशी उभी राहिली.

"खरं कुठलं?" म्हणाली. "तुम्ही गणोजीला सांगितलंत ते, की त्याला वाटलं ते?"

मला खोटं बोलता आलं असतं. सवय झाली आहे. पण मी म्हटलं, "मी सांगितलं ते."

"दादाला माहीत आहे?"

"नाही."

"कशासाठी केलंत? धामनोदसाठी?"

 तीच पुढे म्हणाली, "मी विहिरीचं विचारत बसले होते." एवढंच. मग आत गेली. ताट वाढलं आणि परसात निघून गेली. रोज एक पोळी जास्त घ्या म्हणून मागे लागते. आज मी किती जेवलो, जेवलो की नाही, कोणी विचारलं नाही.

कारभारीपणा सोडून द्यावा असं मनात येतं. पण सोडून गणोजीला काय मिळणार? हे मी तीन-चारदा लिहून खोडलं आहे.

ता. २३ फेब्रुवारी, देवास

कृष्णरावांना सांगितलं.

ते अशिलाचे कागद बघत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, संक्रांतीपासून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला त्याच दिवशी माहीत होतं," ते म्हणाले. "मी समोरच बसलो होतो, नीलकंठराव. दोनदा हलली."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"हरलेल्या माणसाचं कोण ऐकतं? आणि नर्मदेचं घर आहे ते. ओसरीवर तुम्ही नाही म्हणालात तेव्हा वाटलं, घाबरले असतील, जेवताना बोलतील. जेवताना बोलला नाहीत. मग वाटलं, गणोजीने तबक परत केलंय हे कळलं की येतील. रोज दमणी आली की बघत होतो."

"आलो होतो गेल्या रविवारी. त्याला सांगितलं मी."

"कळलं. सगळ्या गावाला कळलं." ते हसले नाहीत. "त्याला एकट्याला, घरात. नाही म्हणालात ते सगळ्यांदेखत."

मी म्हटलं, मी सभेपुढे सांगतो, हवं तर आत्ता गोपाळरावांकडे चला. म्हणाले, "सांगा. अध्यक्षपदाचं मला आता काही नाही. पण माझ्यासाठी सांगू नका. तुम्ही गणोजीला अलीकडे चालताना बघितलंय का?"

मी नाही म्हटलं.

"बघा एकदा," ते म्हणाले आणि कागद पुढे ओढले. या वेळी जेवून जा म्हणाले नाहीत.

बाहेर पडलो तर बाजाराचा दिवस. दोन्ही बाजूंना दुकानं लागलेली, मधून गाड्या आणि बैल. गणोजी समोरून रस्त्याच्या कडेने चालला होता. सगळं दिसतं त्याला. वाटेत पडलेली टोपलीची दोरी त्याने बरोबर ओलांडली, शेणावर पाय पडू दिला नाही. तरी एक हात भिंतीला लावून चालला होता. भिंत संपली की थांबायचा, पुढची भिंत येईपर्यंत दुसऱ्या हाताने चाचपायचा. ज्या माणसाला टेकडीवरचं फाटलेलं निशाण दिसायचं तो भिंतीला धरून चालत होता, का तर मी एक शब्द बोललो.

तो माझ्या शेजारून पुढे गेला. मी हाक मारली, "गणोजी."

तो थांबला. वळला नाही. शेजारी एक तंबाखूवाला पुडे बांधत बसला होता, त्याला त्याने विचारलं, "भिया, मुझे किसी ने आवाज दी क्या?"

तंबाखूवाल्याचं लक्ष पुड्यात. तो म्हणाला, "नी तो, बा."

"मला वाटलं," गणोजी म्हणाला आणि भिंतीला हात लावून चालू लागला.

मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "गणोजी, मी मान हलवली होती." सगळा बाजार वळून माझ्याकडे बघायला लागला. तो तेवढा वळला नाही.